तोंडाचा चाळा आणि हाताचा छंद

भूक ही पोटाची असते असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो बहुतांशीं खराही आहे. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत आपण जितक्या वेळां कांहींतरी तोंडांत टाकतों, तितक्या वेळां पोटानें आपणांस हांक मारलेली असते काय, असा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस एकदां एकांतांत विचारून पाहण्यासारखा आहे. दुपारचें जेवण होऊन दोन तास लोटलेले आहेत, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालें आहे, कोणी येण्याजाण्याचा संभव नाहीं; अशा वेळीं एखादा सभ्य, सुशिक्षित व उतारवयाचा गृहस्थ खुर्चीवरून उठतो, स्वयंपाकघरांत जातो, डब्याचें झांकण आवाज न होईल अशा बेतानें काढतो, आणि मूठभर चिवडा घेऊन पुन्हां खुर्चीवर येऊन बसतो. 'भूक लागली होती काय?' असें त्यास विचारलें तर तो 'होय' म्हणणार नाहीं. तो म्हणेल, 'छे, भूक कसली! तोंडाला आपला कांहींतरी चाळा.'

आमच्या भाषेनें येथें मोठा प्रामाणिकपणा दाखविला आहे. सभेंत बसलेला मनुष्य पेनाचें टोपण काढतो व लावतो, लहान मूल चादरीचा सुटलेला दोरा ओढीत राहतें, हे चाळे होत. चाळ्यास हेतु नसतो, त्याचा शेवट ठरलेला नसतो, आणि तो थांबला म्हणजे कांहीं पुरें केल्याचें समाधानही मिळत नाहीं. छंद हा त्याचा जवळचा नातलग. पण त्याचें कुळशील वेगळें. संस्कृतांत छंद म्हणजे इच्छा, आवड. आणि व्यसन म्हणजे वाईट संवय, तसेंच संकटही. मराठींत चाळा, छंद, नाद, वेड व व्यसन अशी एक उतरंडच रचतां येईल, आणि तींतील कोणतें मडकें कोणावर बसतें हें पाहण्यांत एखादा भाषापंडित सुखानें आयुष्य घालवील. आमचा आजचा प्रश्न तितका मोठा नाहीं. रिकाम्या वेळीं खाण्याचा जो चाळा तो एखाद्या छंदानें सुटतो काय, आणि सुटत असल्यास त्यासाठींच म्हणून छंद लावून घेतां येतो काय, एवढाच तो आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हांसही वाटत असे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या रक्तांत साखर प्रमाणाबाहेर आढळली. डॉक्टर तरुण होते व घाईंत होते. त्यांनीं गोळ्या लिहून दिल्या, दोन्ही वेळच्या जेवणाचें पथ्य सांगितलें, आणि आम्ही उठतां उठतां म्हणाले, "मधलं खाणं तेवढं बंद करा, आजोबा. एखादा छंद लावून घ्या, म्हणजे आठवण व्हायची नाही." सल्ला सरळ होता. घरीं येऊन आम्हीं छंदांची यादी केली, किराणा मालाची करावी तशी, आणि पहिल्या जिन्नसापासून आरंभ केला.

शब्दकोड्यानें निराशा केली. कोडें सोडवितांना एक हात मोकळा राहतो, आणि शब्द आठवत नाहीं अशा प्रत्येक क्षणीं तो मोकळा हात शेंगदाण्यांच्या वाटीकडे जातो. आडव्या ओळी पुऱ्या होण्यापूर्वीं वाटी पुरी होते. मग फिरावयास जाऊं लागलों, तर बागेच्या दाराशीं भेळेची गाडी. आमच्या शहरांत जिच्या दाराशीं ती नाहीं अशी एकही बाग आम्हांस ठाऊक नाहीं. बागेसाठीं भेळवाला कीं भेळवाल्यासाठीं बाग, याचा निर्णय नगररचना करणारांनींच करावा. पुढें सज्जांत कुंड्या ठेविल्या. सहा कुंड्यांस पाणी घालण्यास सात मिनिटें लागतात, आणि आपण पाहत उभे राहिलों म्हणून रोपें लवकर वाढत नाहींत. शिवाय त्या कुंड्यांत पुदिना व कोथिंबीर लावण्याची चूक आम्हीं केली होती. त्यांच्याकडे पाहून चटणीवांचून दुसरा विचार मनांत येईना. दूरदर्शनसंचाविषयीं न बोललेलेंच बरें. त्यापुढें बसलेला मनुष्य डोळ्यांनीं एक व तोंडानें दुसरें, असें एकाच वेळीं दोन प्रकारचें रवंथ करीत असतो. महिन्याअखेर आमचें वजन पाऊण किलोनें वाढलें होतें.

या अपयशाचें कारण तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. प्रत्येक छंदास आम्हीं डब्यावर बसविलेला पहारेकरी मानलें होतें; आणि पहारेकरी जितका दक्ष, तितकी डब्याची आठवण पक्की. कोडें सोडवितां सोडवितां मन मधूनच स्वतःस विचारी, 'आतां खाण्याची आठवण होत नाहीं ना?' आणि विचारतांक्षणींच ती होई. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत सुखाविषयीं असाच कांहींसा अनुभव सांगितला आहे. सुखास थेट लक्ष्य केलें कीं तें हातीं लागत नाहीं; दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या मागें लागलें असतां तें वाटेंत भेटतें. मिलसाहेबांपुढें चिवड्याचा डबा नव्हता, तरी न्याय तोच लागू पडतो.

शरीराचा या प्रकरणांत अगदींच हात नाहीं असें मात्र नव्हे. १९९९ सालीं जपानांतील कोजिमा व कांगावा या संशोधकांनीं जठरांतून स्रवणारें घ्रेलिन नांवाचें एक द्रव्य शोधून काढलें. तें रक्तांत वाढलें म्हणजे भूक जाणवते. पुढील संशोधनांत असेंही दिसून आलें कीं, जेवणाची नेहमींची वेळ जवळ येतांच तें आधींच वाढूं लागतें. म्हणजे पोटास घड्याळ शिकवितें. आमच्या घरीं पुष्कळ वर्षें चार वाजतां चहा होत असे, व चहाबरोबर बशींत कांहींतरी असे. तेव्हां टेबलाशीं दोन माणसें बसत. आतां एकच खुर्ची ओढली जाते. चार वाजतां आंतून जें कांहीं उठतें त्यांत घ्रेलिन किती आणि दुसरें किती, हें कोणत्या रक्तपरीक्षेनें कळावें?

नुसतें बसून राहणें मनुष्यास किती असह्य होतें याविषयीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे टिमोथी विल्सन व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते मोठे मासलेवाईक आहेत. एका प्रयोगांत माणसांस खोलींत पंधरा मिनिटें एकटें बसविलें. जवळ पुस्तक नाहीं, दूरध्वनि नाहीं; केवळ दाबलें असतां विजेचा धक्का देणारें एक बटण. हा धक्का त्यांनीं आधीं अनुभविला होता, आणि तो पुन्हां बसूं नये म्हणून आपण पैसेही देऊं असें सांगितलें होतें. तरीही १८ पुरुषांपैकीं १२ जणांनीं व २४ स्त्रियांपैकीं ६ जणींनीं तो स्वतःच्या हातानें एकदां तरी घेतला. एका गृहस्थानें तर १९० वेळां. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो असें आपण म्हणतों; या मंडळींनीं त्या स्वतःसच लावून घेतल्या. चिवडा निदान खमंग तरी असतो.

फ्रान्समधील तत्त्वज्ञ ब्लेझ पास्कल यास या प्रयोगाचें नवल वाटलें नसतें. मनुष्याचीं सारीं दुःखें त्याला एका खोलींत स्वस्थ बसतां येत नाहीं यांतून उत्पन्न होतात, असें त्याचें मत होतें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६७० सालीं प्रसिद्ध झालेल्या टिपणांत आढळतें. परंतु पास्कलचा मारा चिवड्यापेक्षां छंदावरच अधिक आहे. शिकार, खेळ, संभाषण हे सर्व मनुष्यानें स्वतःपासून पळून जाण्यासाठीं काढलेले मार्ग होत, असें तो म्हणतो. म्हणजे त्याच्या मतें डब्याकडे जाणारा मनुष्य आणि छंदाकडे जाणारा मनुष्य एकाच घरांतून पळालेले असतात. एक मागच्या दारानें, दुसरा पुढच्या. हा आक्षेप आम्हांस पुष्कळ दिवस टाळतां आला नाहीं, आणि त्याचा एक भाग अद्यापिही टाळतां येत नाहीं. त्याविषयीं पुढें.

कोणी म्हणतील, एवढा उपद्व्याप कशास? मनुष्यानें निग्रह करावा व मोकळें व्हावें. निग्रहाविषयीं आम्हांस आदर आहे. मात्र तो दुरून आहे. आपल्या समाजानें निग्रहाचे प्रयोग पिढ्यानपिढ्या केले, आणि त्यांतून 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण निष्पन्न झाली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी व बटाट्याचा कीस इतक्यांच्या आधारानें जो उपवास पार पडतो त्यापासून जीभ कोणता धडा घेते, तें जीभच जाणे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत याची मीमांसा आहे. आहार तोडला असतां विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागें राहते. आणि त्याहून श्रेष्ठ असें कांहीं दिसल्यावांचून ती गोडी जात नाहीं, असा तिचा आशय. तेथें जें श्रेष्ठ सांगितलें आहे तें परतत्त्व होय, फुलझाडें किंवा पक्षी नव्हेत, हें आम्ही जाणून आहों. तरी जिन्याच्या वरच्या पायरीस जो नियम, तो खालच्या पायरीस कांहीं अंशानें लागू असावा. एक गोडी दुसऱ्या गोडीनेंच हटते. रिकाम्या जागेनें ती हटत नाहीं.

येथवर सारें विवेचन झालें. यापुढें जें सांगावयाचें तें सांगण्यास लेखणी थोडी अडखळते.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या नातवाच्या शाळेची सहल निघावयाची होती. सूनबाई दिवसभर नोकरी करून घरीं येतात. त्यांनीं रात्रीं जागून बेसनाचे नऊ लाडू वळले व डब्यांत भरून वरच्या फळीवर ठेविले. त्यानंतरच्या दोन दुपारीं, घरांत कोणी नसतांना, आम्हीं त्यांतील चार खाल्ले. पहिला चाळा म्हणून. दुसरा, पहिला खाल्लाच आहे म्हणून. तिसऱ्या व चौथ्याचें समर्थन आतां आठवत नाहीं. सहलीच्या सकाळीं सूनबाईंनीं डबा उघडला. संशय सहाजिकच नऊ वर्षांच्या मुलावर गेला. तो 'मी नाही खाल्ले' असें दोनदां म्हणाला. लाडू खाल्ल्याचें कांहीं नाहीं, पण खोटें बोललेलें चालणार नाहीं, असें सांगून त्यांनीं उरलेले पांच लाडू डब्यांतून काढून ठेविले व मुलास नुसत्या पोळीभाजीवर सहलीस पाठविलें. त्या वेळीं आम्ही शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. तें आम्हीं नेहमींपेक्षां किंचित् वर धरलें होतें. दारांतून जातांना मुलानें आमच्याकडे एकदां पाहिलें, इतकेंच.

खाण्याच्या चाळ्यास नीतीचा विषय करूं नये, तो आरोग्याचा प्रश्न आहे, असें आजकाल म्हणतात. आणि स्वतःस अपराधी मानून मनुष्य आणखीच खातो, हेंही त्यांचें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. मूठभर चिवड्यांत पाप नाहीं. परंतु ज्या गोष्टीसाठीं मनुष्य झांकण हळू काढूं लागतो, ती गोष्ट केवळ आरोग्याची राहिलेली नसते. झांकण हळू काढणाऱ्याच्या हातून पुढें काय होऊं शकतें, हें आम्हीं वर सांगितलें आहे.

त्याच दिवशीं दुपारीं आम्ही मुलाच्या खोलींत गेलों. कां गेलों तें सांगतां येणार नाहीं. तेथें त्याचें एक आवडतें गोष्टींचें पुस्तक पडलें होतें. पाठ उसवलेली, पानें सुटलेलीं, वरचा पुठ्ठा एका दोऱ्यावर लोंबत असलेला. आमच्या लहानपणीं शाळेंत हस्तव्यवसायाच्या तासास पुठ्ठाकाम शिकवीत असत. त्यांतलें थोडें हातांस आठवत होतें. आम्हीं पुस्तक उचललें आणि मनाशीं म्हणालों कीं, लाडू परत देतां येत नाहींत, निदान हें नीट करून द्यावें.

ज्यांनीं हें काम केलें नाहीं त्यांस तें क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. प्रथम पाठीवरचा जुना, वाळून खडा झालेला सरस ओलसर फडक्यानें मऊ करून खरवडावा लागतो. मग पुस्तकाचे घडीघडीचे भाग, ज्यांस बांधणीचे लोक जुज म्हणतात, ते एकेक करून सोडवावयाचे. जेथें घडी फाटली असेल तेथें पातळ कागदाची पट्टी खळीनें चिकटवून ती सांधावयाची. पट्टी फार रुंद झाली तर पुस्तक एका बाजूस फुगतें, फार अरुंद झाली तर दोरा कागद कापतो. सुकल्यावर सारीं जुजें क्रमानें रचून, दाभणानें भोंकें पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानें एकास दुसरें शिवीत जावयाचें. दोरा ढिला राहिला तर पानें हलतात. अधिक ओढला तर घडी चिरते. तो किती ओढावा हें कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नाहीं, बोटांसच तें कळावें लागतें. शेवटीं पाठीस खळ लावून पुस्तक वजनाखालीं ठेवावयाचें. वजन म्हणून आम्हीं माळ्यावरचा पाटा काढला. मिक्सर आल्यापासून तो निवृत्तच होता, व आमच्याप्रमाणें त्यासही नवें काम मिळालें.

खळीविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मैद्याची करतात. पाण्यांत मैदा कालवून मंद आंचेवर ढवळीत राहिलें म्हणजे ती दाट व चकचकीत होते, आणि तिला चक्क खाण्यासारखा वास येतो. परंतु कसर लागूं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत आहे, आणि मोरचूद हें विष होय. ज्या मैद्याचे शंकरपाळे झाले असते तोच मैदा बोटांस लागलेला आहे, आणि तें बोट तोंडाकडे नेण्याची सोय नाहीं! हात धुतल्यावांचून चिवड्यास स्पर्शही करतां येत नाहीं, व हात धुवावयास उठलें तर लावलेली खळ सुकते. (घरांत लहान मूल असल्यामुळें भांडें आम्ही कुलुपांत ठेवतों, वाचकांनींही तसेंच करावें.)

पहिल्या दिवशीं आम्हीं मान वर केली तेव्हां खोलींत अंधार पडूं लागला होता. चार वाजून गेले होते, पांचही वाजून गेले होते. चहा राहिला होता. कित्येक महिन्यांत प्रथमच चार वाजल्याचें आम्हांस कळलें नव्हतें.

असें कां व्हावें याचें एक स्पष्टीकरण पुढें आमच्या वाचनांत आलें. इंग्लंडमधील प्लिमथ व ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथील मानसशास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, खाण्याची अनिवार इच्छा ही मुख्यतः एक मनांतलें चित्र असते. पदार्थाचा रंग, वास, चव यांचें. मनाच्या फळ्यावर जागा थोडी असते. तीवर दुसरें, नजर लावावें लागेल असें चित्र काढलें तर पहिलें पुसट होतें. २०१५ सालीं त्यांनीं ३१ विद्यार्थ्यांवर आठवडाभर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील कांहींना मधूनमधून तीन मिनिटें टेट्रिस हा खेळ खेळावयास दिला. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पजित्नोव्ह यानें रचलेला हा खेळ म्हणजे वरून पडणारे निरनिराळ्या आकारांचे ठोकळे एकांत एक बसविण्याचा. खेळण्यापूर्वीं शंभरांत सत्तर असलेली इच्छेची तीव्रता खेळानंतर छपन्नावर आली. यावरून शब्दकोड्याचें अपयश व जुजांचें यश दोन्ही समजतात. कोड्यास डोळ्यांचें काम फारसें नाहीं. फाटलेल्या घडीकडे मात्र डोळे लावूनच बसावें लागतें. तरीही चौदा टक्क्यांचा हिशेब आमच्या त्या दुपारीस पुरा पडत नाहीं. ठोकळे थांबले कीं इच्छा परत यावयाची. आमच्या बाबतींत रात्रीं झोंपतांनाही मनांत डबा नव्हता; उद्यां तिसऱ्या जुजाची घडी कशी सांधावी हें होतें.

चाळा व छंद यांतील भेद आम्हांस येथें दिसतो. चिवडा आपणांस कांहीं विचारीत नाहीं. तो पहिल्या घांसास जसा तसाच विसाव्या घांसास. आपण चुकलों असें तो कधीं सांगत नाहीं. छंदाची वस्तु उलट बोलते. दोरा तुटतो, पुठ्ठा वांकडा बसतो, आणि तिच्या मनासारखें आपणांस व्हावें लागतें.

या दृष्टीनें पक्षितज्ज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या बालपणची गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीनें चिमण्या मारीत असे, आणि त्या खाल्ल्या जात. एके दिवशीं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही खाण्यास चालेल कीं नाहीं, अशी त्यास शंका आली. तो ती मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनीं त्यास १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविलें. आणि मिलार्डसाहेबांनीं पेंढा भरलेल्या पक्ष्यांनीं भरलेले खणच्या खण त्याच्यापुढें उघडले. चिमणी खाण्याची कीं पाहण्याची, एवढ्या एका क्षणाच्या घोटाळ्यांतून पुढचें आयुष्य उलगडलें. १९८५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रास त्यांनीं त्या चिमणीचेंच नांव दिलें. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) जीं अडकित्ते, पानदान, दिवे व भांडीं घरोघर हिंडून जमविलीं, त्यांकडे पाहतांनाही असेंच कांहीं मनांत येतें. सुपारी कातरणें हा केवढा जुना चाळा! पण ज्यानें अडकित्त्याच्या मुठीवरचा मोर पाहिला, त्यास सुपारीची आठवण कोठून व्हावी? तें संग्रहालय त्यांनीं बालपणींच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नांवानें उभें केलें. छंद नेहमीं आनंदांतूनच निघतो असें नाहीं.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. छंद लावून घ्या, हा उपदेश भरलेल्या डब्याच्या व रिकाम्या दुपारीच्या धन्यांसाठीं आहे. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाई पांच घरें करतात. त्यांचा प्रश्न मधलें खाणें कसें टाळावें हा नाहीं, दुपारचें कोठें व केव्हां खावें हा आहे. आणि घरच्या सूनबाई? रात्रीं दहा वाजतां ओटा पुसून झाल्यावर त्या उभ्या उभ्या फरसाणाचे चार घांस खातात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. एकदां आम्हीं मोठेपणानें म्हटलें, "सूनबाई, विणकाम वगैरे कांहीं करीत जा, म्हणजे हें सुटेल." त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, डबा मात्र लावून ठेविला. त्यांचें तें खाणें रिकामपणाचें नव्हतें, थकव्याचें होतें. दिवसभरांत स्वतःसाठीं म्हणून घेतलेली ती पहिली गोष्ट होती. तेथें छंदाचा उपदेश करणें म्हणजे बुडणाऱ्यास पोहण्याचें सौंदर्य सांगणें होय. त्यांच्यासाठीं आधीं कोणीतरी ओटा पुसावयास हवा, आणि अलीकडे तो आम्ही पुसतों. चांगला पुसतां येतो असें नाहीं.

आतां पास्कलच्या आक्षेपाचा राहिलेला भाग. पुस्तक आम्हीं प्रायश्चित्त म्हणून हातीं घेतलें होतें. अर्ध्या तासानें प्रायश्चित्त विसरलों. दुसऱ्या दिवशीं तर आम्ही सकाळपासूनच चारची वाट पाहूं लागलों. पुस्तक पुरें झालें, मुलगा खूष झाला, मग त्याचें दुसरें पुस्तक, शेजारच्यांचा शब्दकोश, जुन्या मासिकांचे गठ्ठे असें काम वाढत गेलें. वजन साडेतीन किलोंनीं उतरलें, साखर आटोक्यांत आली, डॉक्टरांनीं पाठ थोपटली. आणि या सर्व काळांत चार लाडवांविषयीं आम्हीं कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. छंदानें डबा विसरावयास लावला तसेंच तेंही विसरावयास लावलें. जो फळा चिवड्याचें चित्र पुसतो, तो दारांतून जातांना मुलानें टाकलेली नजरही पुसतो. त्यास निवड करतां येत नाहीं. छंदाचा हा गुण कोणा वैद्यानें आम्हांस सांगितला नव्हता.

नातू आतां शेजारीं बसून दोऱ्यास मेण लावून देतो. मागील महिन्यांत एके दुपारीं, दोघांच्याही माना खालीं असतांना, आम्हीं त्यास सांगितलें, "सहलीच्या वेळचे ते चार लाडू मी खाल्ले होते." हें सांगतांना 'आम्ही' म्हणणें जमलें नाहीं. तो मेण लावीत राहिला. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, आजोबा. तुमच्या मिशीला बेसन होतं."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल."

सूनबाईंस अद्यापि सांगितलेलें नाहीं. दोनदां विषय काढावयास गेलों. एकदां कुकरची शिटी झाली, एकदां त्यांचा दूरध्वनि आला, आणि दोन्ही वेळां आम्हांस बरें वाटलें. हें मासिक दरमहा आमच्या घरीं येतें. सायंकाळीं पेटींतून तें त्याच काढतात, आणि जेवणें उरकल्यावर आम्हीं ओटा पुसीपर्यंत प्रथम त्याच वाचतात.